यंत्राला हार, हाताला पुठ्ठा

‘बळकटीकरण’ हा शब्द यापुढे माझ्यासमोर कुणी काढला तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. परवापासून डोक्यात तेच. भला मोठा फ्लेक्स, वर सात हसरे चेहरे, मध्ये ‘आरोग्य सुविधांचे बळकटीकरण’, खाली ‘लोकार्पण सोहळा’, आणि त्याच्याही खाली बाकड्यावर माझी आई, मनगट सुजून टम्म झालेलं.

मार्गशीर्षातला गुरुवार. पहाटे पूजेसाठी ओटा धुवायला गेली आणि घसरली. मी नेमका गावी होतो. पुण्यात असतो तर फोनवर ‘अगं, दाखवून घे की’ म्हणून मोकळा झालो असतो. होतो म्हणून गाडी काढली आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. नवी इमारत झालीये, म्हटलं बघू तरी.

इमारत आहे हो झकास. फरशी इतकी गुळगुळीत की आई तिथे दुसऱ्यांदा पडता पडता वाचली. जिथे हातपाय मोडलेली माणसं येणार तिथे ही फरशी ज्याने पास केली, त्याला एकदा पावसाळ्यात ओल्या चपलांनी तिथून चालवा. रॅम्प आहे, त्याच्या तोंडाशी मोटारसायकली. लिफ्ट आहे, तिच्यात झाडू आणि फिनेलचे कॅन.

केसपेपरला पैसे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळं मोफत. पैसे लागत नाहीत, ओटीपी लागतो. आईचं आधार बाबांच्या मोबाइलला जोडलेलं, बाबा मळ्यात, मळ्यात रेंज नाही. खिडकीतला पोरगा म्हणतो, ‘आभा, म्हणजे आरोग्य खात्याचा डिजिटल नंबर, काढून घ्या, पुढच्या वेळेला सोपं जाईल.’ पुढच्या वेळेला! म्हणजे आईने परत पडायचं.

डॉक्टर एकच. ते पोस्टमॉर्टेमला गेलेले. त्यांना काय बोलणार? एकटा माणूस ओपीडी बघणार, बाळंतपणं बघणार, विहिरीत पडलेला कुणी आणला की तेही बघणार. दीड तासाने आले, मनगट हलकंच दाबलं, आई कळवळली, ते म्हणाले, ‘मोडलेलं दिसतंय, एक्स-रे पाहिजे.’ मी उत्साहात म्हटलं, काढा की. डॉक्टर आणि सिस्टरने एकमेकांकडे पाहिलं. ते बघणं मी ओळखतो. बँकेत ‘सर्व्हर डाउन’ सांगायच्या आधी तसंच बघतात.

मी हट्टाने एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेलो. तिथल्या शिपाई मामांनी कुलूप काढून दाखवलं, त्यांचा स्वभाव भला. आत काय, तर नवंकोरं मशीन. काही भागांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. नळीवर हळदीकुंकवाची बोटं, कपाळाला अष्टगंध म्हणावं तसा एक ठसा, आणि गळ्यात झेंडूचा हार. खंडेनवमीचा. दोन महिन्यांत वाळून काळा पडलेला, हात लावला तर पाकळ्या गळतील असा. मशीनच्या पायाशी नारळ फोडल्याची करवंटी. म्हणजे वर्षातून एकदा दार उघडतं, पूजा होते, दार बंद. टेक्निशियन? पद मंजूर आहे. भरलेलंही आहे. तो माणूस जिल्ह्याला प्रतिनियुक्तीवर, कारण तिथलं पद रिकामं. आणि तो इथे असता तरी उपयोग नव्हता, कारण मशीनला लागणारं थ्री-फेज कनेक्शन बांधकामवाल्यांच्या अंदाजपत्रकात नव्हतं, ते आता आरोग्यवाल्यांनी मागायचं, वीजवाल्यांनी द्यायचं, फाइल कुठेतरी चालतेय. चालतेय म्हणे! माझ्या आईचा हात लटकतोय आणि फाइल चालतेय.

आईने हार बघितला आणि सवयीने डाव्या हाताने मशीनला नमस्कार केला. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ओरडलो.

काय काय ओरडलो ते आता आठवून लाज वाटते. मघाशी रांगेत बसून मोबाइलवर वाचलेलं सगळं त्या मामांच्या अंगावर ओतलं. 2017 च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेणार होतात ना? 2021-22 मध्ये 1.84 वर होतात! 64,180 कोटींचं पायाभूत सुविधांचं मिशन ऑक्टोबर 2021 मध्ये काढलंत, त्यातून एक वायर नाही निघाली? भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली, तेव्हाही बळकटीकरण. त्याच वर्षी नगरच्या सिव्हिलला आयसीयू पेटला, 11 माणसं गेली, फायर ऑडिट आणि बळकटीकरण. 2023 ला नांदेडला 24 तासांत 24 मृत्यू, निम्मी तान्ही बाळं, चौकशी समिती आणि बळकटीकरण! औषधखरेदी आधी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे दिलीत, मग त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलंत, आणि आमच्या उपकेंद्रात मात्र काय बळकट झालं, तर पाटी. आधी आरोग्यवर्धिनी, आता आयुष्मान आरोग्य मंदिर. पाटी नवी, रंग नवा, नळाला पाणी नाही! मंदिर म्हटल्यावर हार आणि नारळच येणार, एक्स-रे कुठून येणार?

हे मी कुणाला सांगत होतो? ज्याला वर्षभर धुलाई भत्ता मिळाला नाही अशा माणसाला. शेवटी हुकमी एक्का काढला, ‘मी माहिती अधिकारात टाकतो!’ मामांनी शांतपणे खुर्ची पुढे केली. ‘टाका साहेब. पण क्लार्क बुधवारीच येतात.’

रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो असतो, पण इतकं ओरडून झाल्यावर हसायचं कसं?

आणि खरं सांगू? त्याआधी माझी ओळख काढून झाली होती. पंचायत समितीतल्या एका मित्राला फोन, ‘जरा बघ ना, आई आहे.’ त्याने दवाखान्यात फोन केला, आणि आईला बाकड्यावरून उचलून थेट आत घेतलं. बाकड्यावर आमच्या आधी एक आजोबा होते, पायाला फडकं बांधलेले. ते नुसते बघत राहिले. ओळख लावणाऱ्यांवर मी एरवी पानभर लिहू शकतो. ते पान आज राहू दे.

तर उपचार. उपचार एकाच बाईने केले, त्या सिस्टरने. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर चाललेली कंत्राटी पोरगी. सुजलेल्या हातात हिरव्या बांगड्या अडकलेल्या आणि आई हटून बसलेली, गुरुवारच्या बांगड्या फोडायच्या नाहीत म्हणून. सिस्टर म्हणाली, ‘फोडत नाही हो काकू, वाढवूया म्हणा.’ साबणाचा फेस करून, सलाइनची नळी घालून, एकेक बांगडी अर्ध्या तासात उतरवली. सगळ्या अख्ख्या. मग हाताला आधार द्यायला स्प्लिंट शोधली, ती संपलेली. प्लास्टर संपलेलं. तिने सलाइनचा रिकामा खोका घेतला, कात्रीने पुठ्ठा बरोब्बर कोपरापासून बोटांपर्यंत कापला, कापूस घातला, बँडेज गुंडाळलं आणि गळ्यात झोळी बांधून दिली. पुठ्ठ्यावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत छापलेलं, ते आईच्या मनगटावर वाचता येत होतं.

आणि हातात चिठ्ठी. ‘जिल्हा रुग्णालय येथे रेफर.’ 52 किलोमीटर. आपल्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध कधी तुटवड्यात नसतं, ते हे.

गेलो नाही. गेटसमोर खासगी एक्स-रे आहे, अर्थातच गेटसमोर. पाचशे रुपये, दहा मिनिटं, हाड मोडलेलं. प्लास्टर शेजारच्या हाडांच्या डॉक्टरकडे, त्याचा आकडा सांगत नाही, परत रक्तदाब वाढेल. ते आजोबा कुठे गेले असतील, हे तेव्हा मनात आलं नाही. रात्री आलं.

रात्री अभिप्राय लिहायला बसलो. निघताना मी वहीही मागितली होती बरं का, तक्रारवही. दोरीला बांधलेलं पेन होतं, त्यात रिफिल नव्हती. माझ्या पेनाने दोन ओळी खरडल्या तर मामा काकुळतीला आले, ‘साहेब, पुढच्या महिन्यात कायाकल्पची, त्या स्वच्छतेच्या पुरस्काराची, तपासणी आहे, सिस्टरचं तरी चांगलं लिहा.’ म्हणून सिस्टरचं चांगलं लिहिलं. म्हणजे रेकॉर्डला माझ्या हस्ताक्षरात, सहीनिशी, ‘सेवा उत्तम’. या मशीनची फाइल कधी हललीच, तर तिला माझा हा अभिप्राय जोडतील.

आतून आईचा आवाज. मावशीशी फोनवर. ‘अगं काय सांगू, सरकारी दवाखाना इतका छान केलाय, फरश्या काय, रंग काय, मशीनसुद्धा नवंकोरं. पूजा केलेली. सिस्टर तर पोरीसारखी गं, एक बांगडी फुटू दिली नाही. संक्रांतीला तिच्यासाठी वाण काढून ठेवणार आहे. हाच तिथे उगाच ओरडत बसला.’