‘सिग्नेचर चेक बंद करून देत नाहीत’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की व्हॉट्सॲप क्लाउड एपीआयचा वेबहूक (कस्टमरचा मेसेज आला की व्हॉट्सॲपची कंपनी मेटा तो तुमच्या सर्व्हरच्या यूआरएलवर पाठवते ती सोय) आम्ही लावून दिला, साधे मेसेज येतात पण इमोजी असलेला मेसेज आला की ४०१ (ओळख पटली नाही म्हणून नकार) पडतो, एकच ऑर्डर दोन-दोनदा चढते, आणि तो सिग्नेचर चेक (मेसेज खरंच मेटाकडून आलाय का ते सहीवरून तपासणं) तात्पुरता बंद करा म्हणून इतकं सांगूनही आम्ही ऐकलं नाही, वर "व्हेरिफाय टोकन आहे ना, मग हे आणखी कशाला, उगाच काम वाढवतात". इथेच सगळ्यांसमोर उत्तर देतोय कारण हा प्रश्न बाकीच्यांनाही पडतो.

चेक बंद करायला आम्ही नाही म्हटलं हे खरंय, आणि पुढेही नाहीच म्हणणार.

आधी टोकनचं सांगतो. यूआरएल रजिस्टर करताना मेटाचा सर्व्हर तुमच्याकडे एक गेट रिक्वेस्ट पाठवतो, त्यात तुम्ही ठरवलेलं टोकन असतं आणि एक चॅलेंज असतं, टोकन जुळलं की ते चॅलेंज जसंच्या तसं परत द्यायचं. टोकनचं काम तिथेच संपलं. नंतर कस्टमरचे जे मेसेज पोस्ट रिक्वेस्टने येत राहतात त्यात ते टोकन नसतंच, मग मेसेज खरंच मेटाकडून आलाय की कुणी भलत्यानेच पाठवलाय हे ओळखणार कशावरून? यूआरएल गुपित आहे म्हणाल तर ती लॉगमध्ये असते, स्क्रीनशॉटमध्ये असते, सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असते. ती हातात आली की कुणीही तुमच्या कस्टमरचा नंबर टाकून "ऑर्डर कॅन्सल करा", "पत्ता बदला" असं जेसन (डेटा लिहायची ठरलेली पद्धत) पाठवू शकतो आणि तुमची सिस्टिम मुकाट्याने ते मानेल, कारण तिच्या दृष्टीने तो कस्टमरच बोलतोय. एचटीटीपीएस आहे म्हणून हे टळत नाही, त्याने वाटेत कुणी वाचत नाही एवढंच, पाठवणारा कोण ते त्यातून कळत नाही.

ते कळतं एक्स-हब-सिग्नेचर-२५६ या हेडरवरून (रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची ओळ). मेटा प्रत्येक पोस्टच्या बॉडीवर (आतल्या मजकुरावर) तुमचं ॲप सीक्रेट, म्हणजे ॲपची गुप्त किल्ली, वापरून एचमॅक एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, काढतं आणि तो या हेडरमध्ये पाठवतं, आपण आपल्या बाजूला तोच हिशोब करायचा, जुळलं तरच आत घ्यायचं. सीक्रेट फक्त मेटाकडे आणि तुमच्याकडे, म्हणून खोटा मेसेज बनवणाऱ्याला ही सही जमत नाही. सगळा भरवसा या एका चेकवर आहे हो, आणि तोच काढा म्हणताय.

आता इमोजीचं, हे जरा बारकाईने बघा कारण तुमचा सगळा त्रास इथेच आहे. आम्ही दिलेला कोड कच्च्या, म्हणजे जशी आली तशाच, बॉडीवर हॅश काढतो. नंतर तुमच्या टीमने सगळ्या ॲपला एक्सप्रेसचा (नोडवर सर्व्हर लिहायची लायब्ररी) जेसन पार्सर, म्हणजे जेसन उलगडणारा कोड, लावला, तो आमच्या रूटच्या (वेबहूक हाताळणाऱ्या कोडच्या) आधी चालतो आणि बॉडी वाचून टाकतो, मग कच्चं काही उरत नाही म्हणून पार्स झालेल्या ऑब्जेक्टचं परत जेसन बनवून त्यावर हॅश काढलाय. "हाय" लिहिलं तर दोन्हीकडचे बाइट सारखेच निघतात म्हणून टेस्टिंगला सगळं पास. पण मेटाकडून इमोजी थेट येत नाही, बॅकस्लॅश-यू आणि पुढे चार हेक्स आकडे अशा एस्केप रूपात येतो, एका साध्या स्माइलीचे दोन तुकडे म्हणजे १२ बाइट. तुमचं परत बनवलेलं जेसन तीच स्माइली ४ बाइटमध्ये लिहितं. बॉडीतला एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो, मग ४०१ पडणारच. देवनागरीत लिहिलेल्या मेसेजचंही तेच होणार, बघा लॉग काढून.

उपाय दोन-चार ओळींचा आहे. पार्सरला व्हेरिफाय नावाचा ऑप्शन असतो, त्यात मूळ बफर (आलेले कच्चे बाइट) मिळतो, तो रिक्वेस्टवर बाजूला ठेवायचा आणि हॅश त्यावरच काढायचा. तुलना करताना साधं बरोबरचं चिन्ह न वापरता नोडचं टायमिंग-सेफ-इक्वल वापरा, त्याआधी लांबी सारखी आहे का बघून घ्या, नाहीतर ते एरर फेकतं.

आणि ते अडकलेले मेसेज गेले असं धरून बसू नका. २०० (मेसेज पोचला असं उत्तर) मिळालं नाही की मेटा परत परत पाठवतं, हळूहळू अंतर वाढवत, ७ दिवसांपर्यंत. दुरुस्ती लवकर टाकलीत तर त्या मुदतीतले बरेचसे आपोआप येतील, म्हणून आज-उद्यातच करा.

डबल ऑर्डरही याच परत पाठवण्यामुळे. तुमचा हँडलर आधी ऑर्डर चढवतो, बिलाची पीडीएफ बनवतो आणि मग २०० देतो, तेवढ्यात तिकडे मेटाला वाटतं की पोचलंच नाही. सही तपासली की मेसेज रांगेत टाका, लगेच २०० द्या, बाकीचं काम मागे चालू दे. ऑर्डर चढवताना मेसेज आयडी आधी येऊन गेलाय का ते डेटाबेसमध्ये युनिक लावून तपासा. फक्त स्टेटसना हाच नियम लावू नका, तुम्ही पाठवलेल्या एकाच मेसेजचे सेंट, डिलिव्हर्ड, रीड हे त्याच आयडीने येतात, तिथे आयडी आणि स्टेटस दोन्ही मिळून युनिक ठेवा.

तुमच्या डेव्हलपरला आमच्या सपोर्ट नंबरवर कॉल करायला सांगा, स्क्रीन शेअर करून बदल सोबत बसून करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ॲप सीक्रेट मात्र आम्हालाही पाठवू नका, ते तुमच्याच सर्व्हरवर राहू दे.