प्ले स्टोअरवर दिसतं म्हणून भारतात चालतं?

क्रिप्टो एक्सचेंज, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी चलनं जिथे घेता-विकता येतात ती ॲप, यांच्याबद्दल आमच्या सोसायटीच्या ग्रुपपासून आतेभावाच्या ट्रेडिंगच्या कट्ट्यापर्यंत एक निरोप सगळीकडे फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: ‘कुठलं क्रिप्टो एक्सचेंज भारतात चालतं हे शोधत बसू नका. ॲप प्ले स्टोअरवर आहे ना? नोंदणीच्या यादीत इंडिया दिसतंय ना? झालं मग. सरकार ३० टक्के टॅक्स घेतं म्हणजे सगळं कायदेशीरच. नाहीच उघडलं तर व्हीपीएन लावा. एफआययू रजिस्टर्ड असेल तर डोळे झाकून पैसे टाका. आणि शंका असेल तर ५०० रुपये टाकून काढून बघा, आले तर एक्सचेंज खरं.’

मी लोकांची विवरणपत्रं भरून देतो. दर जुलैत या निरोपाचे परिणाम माझ्या टेबलावर येऊन बसतात, म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘ॲप प्ले स्टोअरवर आहे.’ २८ डिसेंबर २०२३ला सकाळी बायनान्स, कूकॉइन, हुओबी, क्रॅकन, गेट डॉट आयओ, बिट्रेक्स, बिटस्टॅम्प, एमईएक्ससी आणि बिटफिनेक्स ही नऊच्या नऊ एक्सचेंज भारतातून उघडत होती. त्याच दिवशी अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने, म्हणजे एफआययूने, या नऊ जणांना कारणे दाखवा नोटिसा काढल्याचं जाहीर केलं आणि त्यांची संकेतस्थळं बंद करायला आयटी मंत्रालयाला कळवलं. जानेवारीत आधी ॲपलच्या, मग गूगलच्या दुकानातून ॲप गेली. कारण काय, तर ७ मार्च २०२३च्या अधिसूचनेने क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्यांना मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याखाली आणलं होतं. भारतातल्या ग्राहकांना सेवा द्यायची तर कार्यालय कुठेही असो, एफआययूकडे नोंदणी हवी. या नऊ जणांनी ती केली नव्हती, आणि हे ॲपच्या चार तारे-पाच तारे रेटिंगवरून कुणालाही कळणार नव्हतं.

पुढे कूकॉइनने साडेचौतीस लाख रुपये दंड भरून नोंदणी केली. बायनान्सला १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला आणि तेही परत आलं. ओकेएक्स या आणखी एका परदेशी एक्सचेंजने मात्र इथल्या ग्राहकांना एप्रिल २०२४ अखेरपर्यंत पैसे काढून घ्यायला सांगून गाशा गुंडाळला. बायबिट या तशाच एक्सचेंजने १२ जानेवारी २०२५ला सेवा थांबवली, महिनाअखेरीस त्याला ९ कोटी २७ लाखांचा दंड झाला, आणि मग नोंदणी होऊन ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे ‘भारतात चालतं का’ याचं उत्तर महिन्यागणिक बदलू शकतं. वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ बघून पैसे टाकणं हे मागच्या वर्षीचं एसटीचं वेळापत्रक घेऊन फलाटावर उभं राहण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये एफआययूने आणखी २५ परदेशी सेवांना नोटिसा काढल्या, त्यात बिटमेक्स, पोलोनिएक्स, बिंगएक्स यांच्यासारखी ओळखीची नावं होती.

आणखी एक गंमत. प्ले स्टोअरवर काय दिसणार हे तुमच्या खात्याला कुठला देश लावलाय त्यावरही ठरतं. आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या फोनवर जे ॲप दिसतं ते तुमच्या फोनवर दिसेलच असं नाही. मग तो प्रेमाने त्याची फाइलच पाठवतो, आणि तुम्ही ती टाकून घेता. दुकानात का नव्हतं, हा प्रश्न तिथेच राहतो.

बरं, ॲप आहे, उघडतंय, तरी ‘चालतं’ म्हणजे नक्की काय? कॉइनबेस या अमेरिकी एक्सचेंजचं बघा. एप्रिल २०२२मध्ये बेंगळुरूत कार्यक्रम करून त्यांनी यूपीआयने खरेदी सुरू केली. यूपीआय वापरणारं कुठलंही क्रिप्टो एक्सचेंज आपल्याला माहीत नाही, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने लगेच जाहीर केलं आणि काही दिवसांतच रुपयांनी खरेदी बंद पडली. ॲप जागेवरच होतं. एफआययूकडे त्यांची नोंदणी झाली ती २०२५मध्ये. खातं उघडणं, रुपये आत जाणं, रुपये बाहेर येणं, फ्युचर्ससारखे, म्हणजे पुढच्या भावावर सौदा करायचे, प्रकार मिळणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारांपैकी एक बंद असली तरी पहिल्या पडद्यावर ‘स्वागत आहे’च लिहिलेलं असतं.

‘नोंदणीच्या यादीत इंडिया आहे.’ ती बहुतेक वेळा फोनच्या देश-क्रमांकांची यादी असते, तिच्यात सगळं जग असतं. खरी यादी अटींच्या पानावर, कुठल्या देशांना सेवा नाही त्या परिच्छेदात सापडते. त्याच पानावर तुमचा करार कुठल्या कंपनीशी होतोय तेही लिहिलेलं असतं, आणि एफआययूकडची नोंदणी त्या कंपनीच्या नावाने शोधायची. वझीरएक्स म्हणजे झनमाई लॅब्स, कॉइनडीसीएक्स म्हणजे नेब्लिओ टेक्नॉलॉजीज, कॉइनस्विच म्हणजे बिटसायफर लॅब्स. ब्रँडचं नाव शोधून ‘नाहीच की’ म्हणणारे जितके भेटतात, तितकेच नुसता लोगो बघून ‘आहे’ म्हणणारेही.

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला हाच सल्ला पाठवणाऱ्यांनी तर जरा थांबावं. अमेरिकेत बायनान्सचं वेगळंच एक्सचेंज आहे. ब्रिटनमध्ये ८ ऑक्टोबर २०२३पासून क्रिप्टोच्या जाहिरातींचे नवे नियम आले आणि आठ दिवसांत बायनान्सने तिथे नवे ग्राहक घेणं थांबवलं. एकाच ब्रँडचं उत्तर तीन देशांत तीन तऱ्हेचं.

‘टॅक्स घेतात म्हणजे कायदेशीर.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चहा थंड होईपर्यंत बोलत नाही. नफ्यावर ३० टक्के कर १ एप्रिल २०२२पासून आहे, १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२पासून. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजाही करता येत नाही. पण कर बेकायदा कमाईवरही लागतो, हे आयकराचं जुनं तत्त्व आहे. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२२मध्ये राज्यसभेत सांगितलंच होतं की कर लावून आपण क्रिप्टोला मान्यता देत नाही आणि बंदीही घालत नाही. क्रिप्टोच्या व्यवहारांना बँकांनी सेवा देऊ नये असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०ला रद्द केलं, आणि क्रिप्टो घेणं हा गुन्हा नाही हेही खरं. त्यावरून अमुक एक्सचेंजला परवानगी आहे असं निघत नाही.

गेल्या हंगामात एक मुलगा आला. हातात फक्त स्क्रीनशॉट. ज्या परदेशी एक्सचेंजवर व्यवहार केले त्याचं संकेतस्थळ उघडत नव्हतं, त्यामुळे उतारा निघत नव्हता, खरेदीची किंमत सिद्ध करायला कागद नव्हता. कर मात्र भरायचाच होता. तीन संध्याकाळी आम्ही त्याच्या बँकेच्या नोंदी आणि जुने ईमेल जुळवत बसलो.

‘व्हीपीएन लावा.’ व्हीपीएन म्हणजे तुम्ही कुठल्या देशातून इंटरनेट वापरताय ते लपवणारी सोय; तिने पान उघडेल. पण पैसे काढताना ओळखपत्र मागतात तेव्हा तुम्ही आधार आणि पॅनच देणार ना? खोटं ठिकाण दाखवलं तर खातं गोठवण्याचा हक्क अटींतच लिहून घेतलेला असतो. नोव्हेंबर २०२३मध्ये बायनान्सने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४ अब्ज ३० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. बड्या अमेरिकी ग्राहकांना व्हीपीएनने ठिकाण लपवायला मदत केल्याचा आरोप तिथल्या नियामकाने त्याच वर्षी केला होता. एवढं भरल्यावर कुठलं एक्सचेंज तुमच्या व्हीपीएनकडे काणाडोळा करील असं मला तरी वाटत नाही. त्यातून रुपये आत नेण्याचा आणि बाहेर काढण्याचा मार्ग उरतो तो अनोळखी माणसाशी थेट व्यवहाराचा, पीटूपीचा. समोरून आलेला पैसा सायबर फसवणुकीतला निघाला तर तुमचं बँक खातं गोठतं, आणि खुलासा कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात द्यावा लागतो.

‘एफआययू रजिस्टर्ड म्हणजे डोळे झाकून.’ ही नोंदणी काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे: ग्राहकाची ओळख पटवा, नोंदी ठेवा, संशयास्पद व्यवहार कळवा. बँकेतल्या ठेवीला असतो तसा ५ लाखांचा विमा इथे नाही. वझीरएक्सची नोंदणी होती. तरी १८ जुलै २०२४ला तिथून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २००० कोटी रुपये चोरीला गेले. मुंबईची कंपनी म्हणून विश्वास टाकलेल्यांना मग झेटाई या मूळ कंपनीसाठी सिंगापूरच्या न्यायालयात चाललेली पुनर्रचना योजना, म्हणजे ग्राहकांचं देणं कसं फेडायचं त्याचा आराखडा, वाचावी लागली. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. नोंदणी नसेल तर दारातूनच परत फिरावं. असेल तर प्रश्न विचारायला सुरुवात करावी, एवढाच तिचा उपयोग.

राहिले ते ५०० रुपये. निरोपातला सगळ्यात घातक भाग हाच, कारण खोटं एक्सचेंज चालवणारे नेमकं हेच करतात. पहिले ५०० मागितले की ७०० देतात. पडद्यावर आकडा फुगत जातो, तुम्ही दोन लाख टाकता, आणि काढायला गेलात की ‘आधी ३० टक्के टॅक्स या खात्यावर भरा’ असा संदेश येतो. खऱ्या व्यवहारात टीडीएस विक्रीच्या रकमेतून कापला जातो आणि उरलेला कर तुम्ही स्वतः आयकराच्या पोर्टलवर भरता. पैसे सोडवायला वेगळ्या खात्यावर कर मागितला की ती फसवणूकच. त्या क्षणी आणखी एक रुपया न टाकता १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा, आणि तो पहिल्या काही तासांत करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.