‘दुखतंय’ म्हणायला बंदी घालणारा मेसेज

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. माणसाच्या डोक्यात दिवसाला 60 हजार विचार येतात, त्यातले 80 टक्के नकारात्मक. पेशी आपलं बोलणं ऐकतात, म्हणून कुढण्यातून आणि दाबलेल्या रागातून कर्करोग होतो. ‘त्रास होतोय’ असं तोंडातून काढू नका. 21 दिवस आरशासमोर ‘मी पूर्ण बरा आहे’ म्हणा, आजार पळेल. नकारात्मक माणसांपासून लांब राहा. खाली जोडलेले हात आणि सूर्यफुलं.

एरवी मी असलं काही वाचून पुढे सरकतो. पण हा मेसेज मामांना एकाच दिवशी तिघांनी पाठवला. मामांना तोंडाचा कर्करोग आहे आणि सध्या शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहेत.

60 हजारांचं आधी उरकतो. हा आकडा कोणी, कसा मोजला याचा पत्ता कोणीच देत नाही. 2020 मध्ये कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवरून अंदाज काढला, तो सहा हजारांच्या आसपास होता. 21 दिवसांचं मूळ तर आणखी गमतीशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं, की रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण इतके दिवस लागतात. निदान इतके, असं तो म्हणाला होता. ‘निदान’ वाटेत गळलं, चेहराही गळला.

आता ‘कुढण्यातून कर्करोग’. मामांनी सारी हयात तंबाखू मळली. कारण शोधायला त्यांच्या मनात डोकवायची गरज नाही, खिशात डबी आहे. पण मेसेज वाचल्यापासून त्यांचा हिशेब सुरू झाला: भावाशी जमिनीवरून भांडलो म्हणून झालं का? आधीच आजार, त्यावर हा आरोप. तोही घरच्यांकडून.

सकारात्मक राहिल्याने माणूस जास्त जगतो का, हे तपासून झालेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगाचे, म्हणजे मामांच्याच जातकुळीच्या आजाराचे, 1,093 रुग्ण अभ्यासले. उपचारांच्या सुरुवातीला त्यांची मनःस्थिती नोंदवली होती. त्यातले 646 जण पुढे दगावले. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आला: मनःस्थिती चांगली की वाईट, याचा जगण्या-मरण्याशी संबंध आढळला नाही. खचलेले लवकर गेले नाहीत, उमेदीचे जास्त टिकले नाहीत. ‘माझ्या ओळखीतले एक जण नुसत्या विचारांनी बरे झाले’ म्हणणाऱ्यांनी त्यांची केमोची फाइलही मागून बघावी.

पण सगळ्यात संताप आणणारी ओळ म्हणजे ‘त्रास होतोय म्हणू नका’. तोंडाला शेक दिले की आतून सोलपटतं, फोड येतात, गिळवत नाही. डॉक्टर दर खेपेला विचारतात ते शिष्टाचार म्हणून नव्हे. उत्तरावरून औषध बदलतं, आहार बदलतो, वेळ पडली तर नाकातून नळी घालतात. मामा प्रत्येक खेपेला ‘एकदम झकास’ म्हणत होते. शेवटी वजनकाट्याने चुगली केली. पाणीसुद्धा घोट घोट अडकत होतं आणि हा माणूस आरशासमोर ‘मी पूर्ण बरा आहे’ म्हणत होता.

त्या आरशाचाही अभ्यास झालाय. 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना मुळातच स्वतःबद्दल बरं वाटत होतं, त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांना वाटत नव्हतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. आपण मनात स्वतःशी जे बोलतो त्याचा मनावर परिणाम होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत त्यावरच उभी आहे, आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठीत वर्षानुवर्षं शिकवली. पण तिथे काळा विचार काढून गुलाबी बसवत नाहीत. विचाराची उलटतपासणी घेतात. ‘मी आता कधीच बरा होणार नाही’ याला उत्तर ‘मी बरा झालोय’ हे नाही. ‘कधीच’ कशावरून? डॉक्टर तसं म्हणाले का? मग उरतं ते असं: आजार गंभीर आहे, शेक अजून बाकी आहेत, आज गिळताना जीव जातोय, गुण आला की नाही ते तपासणीनंतर कळेल. हे वाक्य सूर्यफुलांवर छापण्यासारखं नाही, पण खरं आहे, आणि डॉक्टरांना सांगता येतं.

राहिलं ‘नकारात्मक माणसांपासून लांब राहा’. शेक चालू असलेला माणूस चिडतो, रडतो, ताट ढकलतो. मग मामींनीही लांब राहायचं का? रात्री त्यांच्या उशाशी बसायला मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी अजून तरी कोणी आलेलं नाही.