‘स्टॉलवरची पुस्तकं’ सुचवल्याबद्दल

नमस्कार. सुट्टीत मुलांनी वाचायच्या इंग्रजी पुस्तकांची मी दिलेली यादी तुम्हाला आवडली नाही, असं तुम्ही नाव न देता कळवलंत. कविता नाही, शेक्सपिअर नाही, मराठी माध्यमाच्या मुलांना हे झेपणार नाही, आणि शेवटी, "इंग्रजीच्या बाईच रेल्वे स्टॉलवरची पुस्तकं सुचवायला लागल्या, तर मुलांच्या अभिरुचीचं काय बोलायचं!"

कवितेचं म्हणणं मान्य. एखाद-दुसरा संग्रह यादीत हवा होता. शेक्सपिअरबद्दल पुन्हा कधीतरी.

शेवटचं वाक्य मात्र लागलं. मतभेदाचं मला वावडं नाही, वर्गात मुलं रोज वाद घालतात. पण स्वतःचं नाव न सांगता दुसऱ्याच्या पेशावर शेरा मारायचा, ही कुठली अभिरुची? आणि स्टॉलचंच म्हणाल, तर आपल्या मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाची सुरुवातीची पुस्तकं १८८८ साली रेल्वे स्टॉल चालवणाऱ्या अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालेत काढली. किंमत एक रुपया, गिऱ्हाईक रेल्वेचे प्रवासी. १९०७ साली त्याच किपलिंगला नोबेल मिळालं. त्याची साम्राज्यवादी मतं मला अजिबात पटत नाहीत, पण स्टॉलवर विकला गेला म्हणून तो हलका ठरला नाही. कादंबरीकार डिकन्सही लोकांनी आधी हप्त्याहप्त्यानेच वाचला, कधी दरमहा निघणाऱ्या सुट्या भागांत, कधी साप्ताहिकांतून.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर घरात पुस्तक विकत आणायची सोयच उरली नाही. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. कॉलेजात ज्या थोर कादंबऱ्या हातात पडल्या, त्यांच्या पहिल्याच पानावर डिक्शनरी काढावी लागे आणि पुस्तक मिटलं जाई. मग माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मुखपृष्ठ गेलेला शेरलॉक होम्स मिळाला. गुन्हेगार कोण हे कळल्याशिवाय झोप येईना, म्हणून मी इंग्रजी वाचत गेले. आज शिकवते ती त्याच जोरावर.

झेपण्याचं तर सांगूच नका. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी होम्सची ‘द स्पेकल्ड बँड’ वाचत होती. पलंगाशेजारी घंटेची दोरी लोंबतेय, पण ओढली तरी घंटा वाजत नाही, तिथे तिचं बोट ओळीवरच थांबलं. "मॅडम, दोरी वरच्या झरोक्यापाशी हुकाला बांधलीय. म्हणजे तिथून काहीतरी खाली येत असणार ना?" त्या पानावरचे कितीतरी शब्द तिला येत नव्हते. उरलेली गोष्ट तिने मधल्या सुट्टीत डबा न उघडता संपवली. मराठी माध्यमाचीच आहे ती.

आणि एक. यादीत पहिलंच नाव आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चं आहे, १९३५ सालची कादंबरी. तिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. ती तुमच्या अभिरुचीत का बसत नाही, तेवढं आधी लिहा. तेही तुमच्या नावानिशी.