नव्या नियमांत मेंढपाळाची जनावरं हरवली

आमच्या रविवारच्या डीएनडीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) टेबलावर एक मैत्रीण 2019पासून ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, खेळते. तिची सबक्लास (पात्राचा पोटप्रकार) 'सर्कल ऑफ द शेफर्ड', म्हणजे मेंढपाळ ड्रुइड, 2017च्या 'झॅनाथार्स गाईड टू एव्हरीथिंग' या नियमपुस्तकातली. ती सातारा जिल्ह्यात वाढली. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघालेले धनगर, घोड्यावर लादलेला संसार, मागे कुत्री, हे तिने लहानपणी दारात उभं राहून पाहिलंय. पुस्तकात मेंढपाळ ड्रुइड दिसल्यावर तिने पुढचं पान उलटलंच नाही.

मागच्या वर्षी आम्ही 2014चे नियम सोडून 2024च्या नव्या नियमांवर आलो, आणि प्रश्न उभा राहिला: जुन्या पुस्तकांतले पर्याय नव्या नियमांसाठी पुन्हा काढावेत का? डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, मी, त्यामुळे निर्णयही माझाच, आणि नवे नियम मला मनापासून आवडतात. 'कॉन्जर अ‍ॅनिमल्स'चंच घ्या. पूर्वी त्या एका स्पेलने (मंत्राने) आठ लांडगे यायचे. प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकाचे फासे वेगळे, आणि बाकीचे खेळाडू आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत बसायचे. आता जनावरांचा एकच छायारूप कळप येतो आणि त्याच्या दहा फुटांत सापडलेल्या शत्रूला मार बसतो. लढाई पुढे सरकते. हा बदल हवाच होता.

पण शेफर्डला सहाव्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) 'मायटी समनर' ही शक्ती मिळते. तुम्ही बोलावलेल्या जनावराला त्याच्या दर हिट डायमागे (जनावरात किती जीव आहे ते ठरवणारा फासा) दोन जास्तीचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण. नव्या कळपाला हिट पॉइंटच नाहीत. मग 'समन बीस्ट' हा दुसरा स्पेल वापरावा म्हटलं, तर त्या जनावराला हिट पॉइंट आहेत, पण हिट डाइस नाहीत. दोन गुणिले शून्य. चौदाव्या लेव्हलची शक्ती तर जुन्या 'कॉन्जर अ‍ॅनिमल्स'वरच बांधलेली. प्रकाशक सांगतात की जुन्या सबक्लास नव्या नियमांत चालतात, फक्त सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून करायची. बऱ्याचशा चालतातही. ही नाही चालत.

म्हणून जुने पर्याय नव्याने काढावेत का, याचं माझं उत्तर 'हो' आहे. पण आधी काढायचे ते जे मोडलेत. आत्ता आधी निघतात ते खपणारे. ब्लेडसिंगर ही तलवार आणि जादू जोडणारी सबक्लास पाहा. 2015च्या पुस्तकात आली, 2020मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये आली आणि नोव्हेंबर 2025मध्ये 'हिरोज ऑफ फेरून'मध्ये पुन्हा. दहा वर्षांत तीन वेळा, तीन वेगळ्या पुस्तकांत. नवी आवृत्ती आधीपेक्षा चांगली आहे, मी ती आनंदाने खेळेन. पण तिची जुनी पानंही टेबलावर चालत होती. शेफर्डची अडली आहेत.

दुसरं, दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत. डिझायनरांच्या मेहनतीचं मोल मला कळतं. त्याच 2025च्या पुस्तकातल्या स्पेलफायर सॉर्सररसारख्या नव्या सबक्लासच्या कल्पनेला मी खिशात हात घालीन. पण माझ्याकडे असलेलं पान नियम बदलल्यामुळे चालेनासं झालं, तर बदललेला परिच्छेद मला मिळायला हवा. हे मी स्वप्नातलं मागत नाहीये. 2003मध्ये 3.5 आवृत्ती आली तेव्हा याच खेळासाठी एक फुकट पुस्तिका निघाली होती. 'फीन्ड फोलिओ', 'मॅन्युअल ऑफ द प्लेन्स' अशी आधीची पुस्तकं नव्या नियमांत कशी वापरायची ते तिच्यात लिहिलेलं होतं. 2015मध्ये 'एलिमेंटल ईव्हिल'सोबत गोलायथ, जेनासी या पात्रांच्या जाती आणि ढीगभर स्पेल्स फुकट पीडीएफमध्ये दिले होते. एकदा केलेलं आहे, पुन्हा करता येईल.

आणि नवं देताना जुनं हिसकावू नका. ऑगस्ट 2024मध्ये डीएनडी बियाँड या खेळाच्या अधिकृत वेबसाइटवर जाहीर झालं की लोकांच्या जुन्या कॅरेक्टर शीटवरचे (पात्राच्या माहितीच्या पानावरचे) स्पेल्स आणि जादूच्या वस्तू नव्या आवृत्तीने बदलल्या जातील. खेळाडू इतके भडकले की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. योग्यच झालं. ज्यांचं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) 2014च्या नियमांवर रंगात आलंय त्यांनी ते तसंच पूर्ण करावं.

'डीएमने घरच्या घरी दुरुस्त करावं, त्यात काय एवढं?' हे मला अनेकांनी ऐकवलंय. केलं की. हिट डाइस काढून स्पेलच्या दर लेव्हलमागे चार हिट पॉइंट धरायचे, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि तिने ते पेन्सिलने समासात लिहिलं. आमच्या टेबलावर झकास चालतंय. मग ती कामासाठी चार महिने बंगळूरला गेली आणि तिथल्या एका ग्रुपमध्ये हेच पात्र घेऊन बसली. तिथला डीएम सज्जन माणूस, पण समासातली पेन्सिल त्याने का मानावी? छापील ओळ शून्य सांगत होती, त्याने शून्य धरलं. सहा वर्षं जपलेला मेंढपाळ तिने बाजूला ठेवला आणि तिथे फायटर खेळली.

ती गेल्या आठवड्यात परत आलीय. येत्या रविवारी मेंढपाळ पुन्हा टेबलावर असेल, आमच्या पेन्सिलच्या ओळीसकट.