पुढ्यात येईल ते

ख्रिस्ती माणसाला परदेशात अन्यधर्मीयांच्या चालीरीतींची फारशी धास्ती नसते. जपानात बूट काढा म्हटलं की आपण काढतो, वाका म्हटलं की वाकतो. पाहुण्यासारखं वागलं की सुटका होते. पंचाईत होते ती आपल्याच भावाबहिणींकडे. प्रभू एक, बाप्तिस्मा एक, आणि त्यापुढे एकही गोष्ट एक नाही.

निघताना मी प्रेषित पौलाचा सल्ला घोकून जातो. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला त्याने लिहिलंय, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, विवेकबुद्धीच्या नावाखाली चौकशा करू नका. विषय मूर्तीपुढच्या मांसाचा होता, पण सल्ला कुठेही चालावा असा. फक्त पौलाला इथिओपियातल्या अदिस अबाबात कुणी कित्फो वाढलेला नसावा. कित्फो म्हणजे कच्च्या गोमांसाचा खिमा, त्यात मसालेदार लोणी. तो हाताने खायचा, आणि हात दरवेळी आपलाच असतो असंही नाही. यजमानीणबाई इंजेराचा, म्हणजे तिथल्या मऊ आंबवलेल्या भाकरीचा तुकडा तोडतात, त्यात खिमा गुंडाळतात आणि घास थेट आपल्या तोंडात घालतात. याला गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितकं प्रेम जास्त. माझ्यावरचं प्रेम जबड्यात मावेना. विवेकबुद्धीने त्या वेळी पुष्कळ चौकशा केल्या, पण तोंड भरलेलं असल्यामुळे एकही बाहेर पडली नाही.

घास चावताना येशूचा शिष्य पेत्र आठवला. यापोत गच्चीवर त्याला दृष्टान्त झाला, आकाशातून चादर उतरली, तिच्यात नाना पशू, सरपटणारे प्राणीसुद्धा, आणि वाणी म्हणाली, मारून खा. असं तीनदा झालं. पेत्राचं नशीब बलवत्तर, चादर पुन्हा वर गेली. माझ्यापुढचं ताट कुठेच गेलं नाही, उलट भरून आलं. आणि हीच मंडळी बुधवारी नि शुक्रवारी मांस, दूध, अंडी कशालाही शिवत नाहीत! माझं आमंत्रण होतं गुरुवारचं.

वर्षाला महिने तेरा, नाताळ 7 जानेवारीला, हे एक वेळ चालेल. पण घड्याळ? त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ‘उपासना बाराला’ हे ऐकून मी सुखावलो होतो. बारा म्हणजे पहाटेचे सहा. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र सांगतो, ही माणसं प्यालेली नाहीत, दिवसाचा तिसराच तास आहे. तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, ही तळटीप मी वर्षानुवर्षं वाचत आलो. इथे ती भिंतीवर टिकटिकत होती. म्हणजे बायबलप्रमाणे त्यांचंच घड्याळ बरोबर. हे मला मुळीच आवडलं नाही.

ही कुरकुर तशी जुनी आहे. चौथ्या शतकात संत ऑगस्टीनची आई मोनिका मिलानला आली, आणि तिथली मंडळी शनिवारी उपास करत नाही हे पाहून अस्वस्थ झाली. बिशप अँब्रोज म्हणाले, मी रोममध्ये असतो तेव्हा शनिवारी उपास धरतो, इथे असतो तेव्हा धरत नाही. ऑगस्टीनने इ.स. 400 च्या सुमारास एका पत्रात ही हकिकत नोंदवली आहे. मोनिका सुदैवी. तिला उपास सोडा म्हणणारा बिशप भेटला, मला गुर्शा सोडा म्हणणारा कुणी भेटला नाही.

राहता राहिलं पवित्र चुंबन. एकमेकांना पवित्र चुंबनाने सलाम करा, असं पौलाने चार पत्रांत लिहिलंय. पत्राच्या शेवटी येणारं ते वाक्य मी नेहमी भराभर वाचून टाकतो. फ्रान्समध्ये ते टाकता येत नाही. उपासनेनंतर दाराशी माणसं उभी असतात, गाल पुढे करून. कुठे दोनदा, कुठे तीनदा, काही भागांत चारदा, आणि सुरुवात कोणत्या गालाने हेही प्रांतागणिक वेगळं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात क्रम स्पष्ट आहे, आधी उजवा गाल, मग दुसरा. त्या भरवशावर मी उजवा पुढे केला. पण तो क्रम थपडांचा. समोरच्या आजींनी डावा काढला होता, आणि आमची नाकं एकमेकांवर आपटली.