मऊ भात

आईला नवी कवळी बसली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आठवडाभर मऊ खा." एवढं बोलून ते मोकळे झाले. आईने रिक्षातच जाहीर केलं, "आंबेमोहराचा मऊ भात. बाकी काही करत बसू नकोस." बायको माहेरी चिपळूणला. म्हणजे करणारा मीच.

घरात वाडा कोलम होता. तो डबा आईने नुसत्या नजरेने बाजूला सारला. "मोकळा होतो तो. पाहुण्यांना ठेव." आईचं माहेर मुळशीतलं, त्यामुळे तांदळाच्या बाबतीत आमच्या घरात अपील नाही. मुळशीच्या आंबेमोहराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तर ती बातमी वाचून बाई म्हणाल्या, "आत्ता कळलं होय यांना!"

भांडुप स्टेशनजवळच्या दुकानात तीन पोती, तिन्हींवर 'आंबेमोहर' आणि भाव तीन. आईने शिकवल्याप्रमाणे मूठभर दाणे तळहातावर चोळून नाकाशी नेले. आधी बारदानाचा वास आला, मग शिंक. चार दाणे दुकानदाराच्या वहीवर. "साहेब, तांदूळ शिजवायचा असतो," तो शांतपणे म्हणाला. मी ओशाळून मधल्या भावाचा घेतला. मराठी माणूस आणखी काय करणार?

आईने चिमूटभर तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर मारली. "हा इंद्रायणी."

"वास येतोय की!"

"येणारच. आंबेमोहराचाच पोरगा आहे. पण बाप तो बाप."

यात तिचं काही चुकत नव्हतं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ या भाताच्या दोन वाणांच्या संकरातून इंद्रायणी काढला, १९८७ साली. आंबेमोहराचं पीक उंच, वाऱ्यापावसात आडवं पडतं आणि उताराही कमी. शेतकरी पोराकडे वळला त्यात नवल नाही. पण हे मी कवळीवाल्या बाईंना कुठे सांगू?

रविवारी दादर गाठलं. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराने आत जाऊन लहानशी पिशवी आणली. आखूड, गुबगुबीत दाणा, बरेच तुटलेले. "तुकडा पडतोच याचा. नवा आहे, पाणी बेताने," एवढंच बोलला. परतीच्या लोकलमध्ये मी पाच किलो मांडीवर घेऊन बसलो, तान्हं पोर घेतल्यासारखा.

आता पाणी. "किती घालू?"

"पेरभर. बोट बुडवून बघ."

"कुठलं बोट?"

"अरे, जे असेल ते!"

माझं मधलं बोट आईच्या बोटाच्या दीडपट आहे. शिवाय मऊ हवा म्हणून मी वर दोन वाट्या ओतल्या आणि कुकर लावला. पहिली शिट्टी झालीच नाही. त्या जागी पांढऱ्या पेजेचं कारंजं उडालं. ओटा, टाइल्स, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळीकडे. या महिन्याची संकष्टी पेजेखाली गेली. गॅस बंद करेपर्यंत माझ्या चष्म्यावरही दोन थेंब वाळून कडक झाले होते.

आई दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "चिकट तांदूळ हा. कुकरात एवढं पाणी घालतात का? पातेल्यात उघडा ठेवायचा, मंद आचेवर, आणि तिथून हलायचं नाही."

मग तिनेच स्टूल ओढलं. उरलेले दाणे चौपट पाण्यात रटरटत ठेवले, मीठ टाकलं, पळीने अधूनमधून ढवळत राहिली. दहाएक मिनिटांनी वास सुटला आणि मी टाइल्स पुसता पुसता थांबलो. पौष-माघात मामाच्या अंगणात आंब्याखाली यायचा, तोच वास. भांडुपला, सातव्या मजल्यावर.

ताटलीत भात, मध्ये तुपाचा खळगा, वर मेतकूट. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. मग शांतपणे कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली.

"याला काय करायचेत दात?" ती म्हणाली आणि ताटली पुढे केली, "अजून वाढ."